विकलेल्या मशीनच्या मागावर

आमच्या चाळीत दर गणपतीला हस्तलिखित निघतं. यंदा संपादकीणबाई दारोदार फिरत होत्या, "प्रवासवर्णन द्या हो कुणीतरी, सगळ्यांनी कविताच दिल्यात." वरच्या मजल्यावरच्या बाई काश्मीरला जाऊन आल्यात, त्या बर्फावर लिहिणार होत्या. मी म्हटलं, मीपण देते. "तुम्ही कुठे गेला होतात?" म्हटलं, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, गोराई. बाई तोंडावर पदर घेऊन हसल्या. हसा. बर्फ नाही माझ्याकडे, पण गेल्या दसऱ्याला माझं डोकं जे तापलं ते अजून निवलेलं नाही. तेव्हा वाचणाऱ्याला गारठा लागणार नाही एवढं नक्की.

घाटकोपर

ब्याऐंशी सालचा दसरा. गिरण्यांचा संप जानेवारीत सुरू झाला होता आणि आज मिटेल, उद्या मिटेल करता करता पावसाळा सरला होता. आमचे हे गिरणीत मागावर होते, म्हणजे आता घरात होते. घरात असलेला पुरुष काय करतो? सकाळी पेपर वाचतो, दुपारी तोच पेपर परत वाचतो, आणि मधल्या वेळात नको ते उद्योग करतो.

त्यातला एक उद्योग यांनी शिमग्याच्या सुमारास केला. मी वडिलांच्या वर्षश्राद्धाला माहेरी मालवणकडे गेले होते. परत आले तर खिडकीखालचा कोपरा मोकळा, आणि तिथे पाण्याचं पिंप ठेवलेलं.

"अहो, मशीन कुठाय?"

"दिलं."

"दिलं म्हणजे? कोणाला दिलं?"

"कदमाला. पडूनच तर होतं."

पडून! माझं शिवणाचं पायमशीन. माझ्या आईने मी लहान असताना स्वतःच्या अंगावर सोन्याचा एक डाग न ठेवता घेतलेलं, आणि मग लग्नात मला दिलेलं. दर खंडेनवमीला आई त्याला स्वतःच्या हाताने हळदकुंकू वाहायची, आणि तिच्या पाठीमागे मी. वरच्या सोनेरी वेलबुट्टीत ते कुंकू इतकं मुरलं होतं की फडक्याने पुसलं तरी निघत नव्हतं. मुलं लहान, म्हणून दोन-तीन वर्षं त्यावर फारसं शिवलं नव्हतं, एवढंच. तेवढ्यावरून ते पडून झालं. म्हटलं, मी पण कधीकधी दुपारची पडते, मला नाही ना विकलंत?

तेव्हा भांडले, रडले, आणि गप्प बसले. पैसे कधीच तेलातांदळात गेले होते. पण पावसाळा संपता संपता अख्खी चाळ शिवायला बसली. अंधेरीच्या एका ठेकेदाराचा माणूस टेम्पोतून कापलेल्या परकरांचे गठ्ठे आणायचा आणि घरोघर वाटायचा. सकाळपासून जिन्यात, गॅलरीत, संडासाच्या रांगेपर्यंत खडखड खडखड ऐकू यायची. मी पण गेले त्याच्याकडे. तो म्हणाला, "बाई, घरात मशीन असेल तिलाच गठ्ठा. हाताने टाके घालणारी नको आपल्याला." आमच्या शेजारणी, ज्यांना साधी काजं करता येत नाहीत, त्या परकर शिवत होत्या आणि मी, जिला कोटाची कॉलर येते, ती त्यांचे दोरे कातरून देत होते.

नवं मशीन घ्यायची ऐपत नव्हती, आणि असती तरी मिळत नव्हतं. दुकानदार सांगायचे, नंबर लावा, दिवाळीनंतर बघू. जुनं तर बघायलाही मिळेना. संपवाल्यांच्या बायका, ठेकेदार, दलाल, सगळे त्याच्याच मागे.

त्यात नवरात्रात यांच्या गावाहून, तेही मालवणकडेच, माझे मोठे भावोजी आले. आल्या आल्या म्हणाले, सुमीला मी गावाक न्हेतंय. सुमी आमची थोरली, तेव्हा सहावीत. गणितात वर्गात पहिली. गावात सातवीनंतर शाळाच नाही, पुढे गुरं आणि गवताचे भारे. मी म्हटलं, माझी पोर जाणार नाही. दोघे भाऊ बराच वेळ कुजबुजले, आणि मग आमच्या यांनी निकाल दिला, "हे बघ शालू, दादा एकादशीला निघतोय. तोवर मशीन आण, काम धर. मग सुमी राहील. नाहीतर जाईल."

मशीन आण! विकलं यांनी, आणायचं मी. माझं असं टाळकं सणकलं म्हणता! मी कानातल्या कुड्या काढल्या, रुमालात बांधल्या, कमरेला खोचल्या आणि म्हटलं, "अहो, उठा. चपला घाला. ज्याला विकलंत त्याच्या दारात मला नेऊन उभं करा."

मुलुंड

अष्टमीच्या सकाळी आम्ही मुलुंडला उतरलो. मुलुंड गाव छान आहे, खोटं कशाला बोला. पाठीशी डोंगर, रस्त्याला झाडं, आणि हवा आमच्या घाटकोपरच्या टेकडीपेक्षा गार. तिथल्या लोकांना त्याचा गर्वही आहे. कदमांनी दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय म्हणावं? "बसा वहिनी, आमच्याकडे पंखा लागत नाही." पंखा विकला होता, हे मला छताचा रिकामा हूक बघून कळलं.

कदम आमच्या यांच्याच खात्यातले. खोलीत मशीन नव्हतं. कदमवहिनींनी बिनदुधाचा चहा दिला, आणि ज्या कपाला कान नव्हता तो आपल्या नवऱ्याला दिला, चांगला मला. संपात सगळ्यांचाच चहा काळा झाला होता, त्यामुळे कोणी कोणाची माफी मागत नव्हतं.

"मशीन ना? ते गेलं," कदम म्हणाले. "गौरीच्या आधी अंधेरीच्या एका दलालाला दिलं. चांगला भाव आला म्हणून दिलं."

"वहिनींना विचारलंत?" मी म्हटलं.

कदम हसले, यांच्याकडे बघून हसले, आणि आमचे हे पण हसले. "हिला काय विचारायचंय? हिला कुठे येतंय शिवायला?"

तेवढ्यात कदमवहिनी उठल्या, ट्रंक उघडली आणि एक पोलकं आणून माझ्या मांडीवर ठेवलं. निळं, बारीक फुलांचं. एक बाही जोडलेली, दुसरी बाही नुसती कापलेली, टाचणी लावून ठेवलेली. "शिकत होते," त्या म्हणाल्या. "बाजारात गेले तेवढ्यात टेम्पो येऊन गेला. दुसरी बाही राहिली ती राहिलीच."

मी त्या पोलक्याचा टाका बघितला. माझ्या मशीनचा टाका मी ओळखणार नाही? जरा लांबट, पण एकसारखा. टाका बघितला आणि मला असा काही संताप आला की मी कदमांना म्हटलं, "भाऊ, तुमची आणि आमच्या यांची एकच गिरणी, एकच खातं, आणि अक्कलही एकाच गोदामातून आलेली दिसते." हे म्हणाले, "शालू, अगं, लोकांच्या घरात!" म्हटलं, लोकांच्या घरातच तर माझं मशीन होतं.

निघताना कदमवहिनी जिन्यापर्यंत आल्या. दलालाचा पत्ता त्यांनीच सांगितला, नवरा आठवल्यासारखं करत बसला होता. "मिळालं तर मला कळवा हं," म्हणाल्या. "एकदा येऊन ती बाही लावून जाईन."

अंधेरी

अंधेरीला कारखान्यांच्या वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एवढ्या रिक्षा, टेम्पो आणि धूळ की माणसाला आपलं नाव आठवेना. आमच्याकडे गठ्ठे येतात ते इथूनच. टेम्पोत परकर, टेम्पोत शर्ट, टेम्पोत नुसत्याच कॉलरी. मला वाटलं होतं एवढं कापड जिथून निघतं तिथे माणसं तरी नीटनेटकी असतील. एकाच्या शर्टाला धड बटण नव्हतं.

दलाल एका गाळ्याच्या पायरीवर पान चघळत बसला होता. त्याच्या मागे मशीनचे सांगाडे, चाकं, पट्टे यांचा ढीग. मी मशीनचं वर्णन केलं, कुंकवाचं सांगितलं. त्याला बरोब्बर आठवलं.

"हां हां, कुंकूवाला पीस! झकास पीस होता बाई. पण अख्खा नाय ना विकला तो. वरचं वेगळं विकलं, खालचं वेगळं विकलं."

"म्हणजे?"

"म्हणजे वरचं मशीन गेलं गोराईला. तिकडे एका बाईने हाताचं हँडल लावून नेलं. आणि खालचा लोखंडी स्टँड दिला समोरच्या हॉटेलवाल्याला. सध्या डिमांड आहे ना, अख्खा पीस घ्यायला पार्टीकडे रोकडा नसतो. अर्धा अर्धा केला की दोघं खूष, आपण पण खूष."

माझं मशीन याने मधून कापून विकलं होतं! मला आधी कळेचना, हसू की याच्या डोक्यात ते चाक घालू. आमचे हे तेवढ्यात त्याला विचारत होते, "बरं, असं वेगवेगळं विकलं की भाव जास्त येतो का?" मी यांच्याकडे नुसतं बघितलं. यांनी तोंड मिटलं.

हॉटेल समोरच होतं. आत चार टेबलं, त्यातलं एक माझं. वर संगमरवराची फरशी टाकलेली, खाली माझा स्टँड. डाव्या बाजूच्या नक्षीतलं लोखंडी फूल तुटलेलं, माझ्या लग्नाच्या वरातीत ट्रकवरून उतरवताना तुटलेलं. मी त्याच टेबलावर बसले. चहा आणि बटाट्याची भाजी मागवली, कारण उपास होता आणि यांना उसळपाव खायची घाई झाली होती. पाय खाली नेले तर पायटा तसाच, मोकळा. आपोआप पाय चालायला लागले.

पायटा हलला की टेबल हले, टेबल हललं की समोरच्या माणसाचा चहा बशीत, बशीतला मांडीवर. तो माणूस ओरडला. शेट गल्ल्यावरून धावत आला. "ओ बाई, पाय शांत ठेवा!"

"शांत? शेट, हा स्टँड माझा आहे. तुम्ही पैसे देऊन घेतलात, तुमची चूक नाही. पण मी उठणार नाही आणि माझे पाय पण थांबणार नाहीत. मला मशीनच्या समोर बसून पाय हलवायची सवय आहे."

आणि खरंच नाही थांबवले. दुपारच्या जेवणाची गर्दी यायला लागली होती. शेट विनवणीला आला, मग धमकीला आला, मग परत विनवणीला. शेवटी म्हणाला, "घेऊन जा बाई, पण मला टेबल पाहिजे. फरशी काय हवेत ठेवू?"

इथे मला एक गोष्ट यांच्या बाजूने लिहिली पाहिजे, नाहीतर देव विचारील. आमच्या यांच्या आजोळी सुतारकी. हे उठले, हॉटेलच्या मागे पडलेली मोडकी बाकं बघितली, शेटकडून हातोडी मागून घेतली आणि ऊन कलायच्या आत असं भक्कम टेबल उभं केलं की शेटने वर उसळपाव फुकट दिला. हातात काम असलं की हे वेगळेच दिसतात. महिन्यानुमहिने मी तो चेहरा बघितला नव्हता. घटकाभर माझा राग जरा उतरला, हेही लिहिते.

स्टँड शेटकडेच ठेवला, वरचं मिळालं की नेऊ म्हणून. घरी आलो तर सुमी दारातच, "आई, मिळालं?" म्हटलं, अर्धं मिळालं. ती नाचायला लागली. रात्री माझा डोळा लागत होता तेव्हा दोघे भाऊ गॅलरीत बोलत होते. मला काय, मी मेल्यासारखी झोपले.

बोरिवली

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. या दिवशी आमच्यात हत्याराची पूजा. कोयता, विळी, करवत, मशीन, जे ज्याचं असेल ते पुसून, झेंडू वाहून ठेवायचं आणि त्याला दिवसभर हात लावायचा नाही. त्याने वर्षभर आपल्यासाठी राबायचं, एक दिवस आपण त्याला बसवायचं. घरात विळीची पूजा केली, यांच्या हातोडीची केली. निघताना सुमीने तिचा ठेवणीतला फ्रॉक घातला होता. मी म्हटलं, दसरा उद्या आहे गं, आजच काय घातलास? ती काकांकडे बघायला लागली. हे म्हणाले, "चल चल, होडी चुकेल."

बोरिवलीला एका मशीनच्या दुकानापुढे बायकांची ही रांग. दसऱ्याच्या मुहूर्तावर नवं मशीन येणार अशी आवई उठली होती. आत येऊन जाऊन एकच मशीन, काचेत, त्याच्या गळ्यात हार. एकजण मला म्हणाली, "ताई, रांग मागून आहे." म्हटलं, "मला नको, माझं आहे." तिने असं बघितलं जसं काही मी माझं विमान आहे म्हणाले. मग आपणहून म्हणाली, "माझंही होतं हो." का गेलं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याकडे मात्र मी जाता जाता एक नजर टाकली.

गोराई

खाडी ओलांडली आणि मुंबई संपली. दोन्हीकडे तिवरं, चिखलात बगळे, आणि होडीत कोंबड्यांची टोपली घेतलेली एक म्हातारी. पलीकडे उतरलं की नारळी, कौलारू घरं, दारादारांत क्रूस, आणि वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. आमच्या मालवणचाच वास तो. तिथे तुळस असते, इथे क्रूस, पण अंगण तसंच सारवलेलं आणि बायकांचा आवाजही तसाच खणखणीत. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं, आणि वाटलं म्हणून जास्तच राग आला. माहेरचं मशीन माहेरासारख्या गावात, आणि मी मधल्या मधे पाहुणी.

मशीनवाली बाई कुठे राहते हे विचारावं लागलं नाही. विहिरीजवळच्या घरातून आवाज आला. हँडलने चालवलेलं होतं, त्यामुळे थांबत थांबत, पण आवाज माझ्याच मशीनचा. खंडेनवमीला! ज्या दिवशी त्याच्या अंगावर झेंडू असायचा त्या दिवशी त्याला राबवत होते.

मी सरळ आत घुसले. "आधी थांबवा ते! आज मशीन चालवत नाहीत!"

चष्मा लावलेली, जाडजूड, लुगडं नेसलेली बाई मान वर करून बघायला लागली. फिलोमिना तिचं नाव. "कोन गो तू?"

"ज्या मशीनला तुम्ही हँडल लावलंय त्याची मालकीण."

तिने चष्मा काढला, मला बघितलं, मागे दारात घुटमळणाऱ्या यांना बघितलं, आणि म्हणाली, "बस. पानी पी. मंग भांड."

पाणी प्यायले आणि सगळं सांगितलं. शिमगा, माहेर, पाण्याचं पिंप, कदम, दलाल, हॉटेल, आणि सुमी. मधेच तिने बोंबलाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या पुढे केल्या. नवरात्रात आम्हाला मासे चालत नाहीत. मी ताट सरकवलं. यांच्या तोंडाला सुटलेलं पाणी मला डोळ्यांनी दिसलं. मी म्हटलं, "अहो, बघू पण नका." फिलोमिनाबाय खो खो हसली आणि तिने आम्हाला केळी दिली.

"आज तुमचा मशीनला सुट्टी द्यायचा दिवस?" तिने विचारलं. "आमच्यात रविवार. मंग बरंय, या मशीनला दोन सुट्ट्या." असं म्हणून तिने सुईतला दोरा काढला आणि मशीनवर एक धुतलेला रुमाल टाकला. रुमाल टाकायच्या आधी मला ते कुंकू दिसलं. वेलबुट्टीत तसंच होतं.

"तुम्ही पुसलं नाहीत?"

"कशाला पुसू? कोनी तरी मनापासून लावलंय ते दिसतंय ना."

पण मशीन द्यायला ती तयार नव्हती. सरळ म्हणाली, नाय देनार. तिने मासळी विकून, स्वतःच्या गाठीच्या पैशाने घेतलं होतं. नाताळानंतर तिच्या धाकटीचं लग्न. घरातल्या सगळ्या बायकांचे कपडे, पोरींचे फ्रॉक, पडदे सुद्धा शिवायचे होते. "चोरी नाय केली मी," ती म्हणाली.

माझी वाट लागली. सगळ्या रस्त्यात मी रागाला एक एक माणूस शोधत आले होते आणि प्रत्येक ठिकाणी तो सापडला होता. इथे समोर एक बाई, स्वतः कमावणारी, स्वतःच्या पैशाने मशीन घेतलेली. हिच्यावर कसा काढू राग?

मग तिने यांच्याकडे तोंड वळवलं. "तू. इकलंस तवा हिला इचारलंस?"

हे छपराची कौलं बघायला लागले.

"इचारलंस का?"

"नाही."

"मंग आता माझ्याकडं कशाला तोंड वासून बघतोस? ती बोलेल माझ्याशी, तू भायेर बस."

हे मुकाट्याने बाहेर ओट्यावर जाऊन बसले. लग्नाला एवढी वर्षं झाली, असं दृश्य मी बघितलं नव्हतं.

मी तिने शिवलेला फ्रॉक उचलून बघितला. एका हाताने हँडल फिरवायचं, एका हाताने कापड सरकवायचं, टाका वाकडातिकडा होणारच. तिचा उजवा खांदा लचकलेलाही दिसत होता. मी म्हटलं, "बाय, अशाने तुझ्या लेकीचं लग्न पुढच्या नाताळाला होईल. स्टँड माझ्याकडे आहे. दोन्ही पायांनी चालवते मी. मशीन मला दे, कापड आणि मापं दे, शिलाई मशीनच्या किमतीत फिटली समज. लग्नाचं सगळं शिवून मी स्वतः आणून देते, आणि तोवर ह्या माझ्या कुड्या तुझ्याकडे ठेव."

तिने कुड्या हातात घेऊन बघितल्या, पारखल्या, आणि पदराला गाठ मारून ठेवल्या. उगाच नको नको म्हणाली नाही, ते मला आवडलं. "लग्नाला ये आनि कुड्या घेऊन जा," म्हणाली. मग कापडाचा गठ्ठा बांधायला बसली.

बाहेर यांना सांगितलं तर हे म्हणतात, "आज खंडेनवमी. आज हत्यार जागचं हलवत नाहीत. आपण दसरा झाला की येऊ. नाहीतर आज इथेच राहू, ही बाई चांगली आहे." मी म्हटलं, "खंडेनवमीला हत्यार आपल्या घरात पाहिजे. उचला." यांनी उचललं. होडीत मशीन मी मांडीवर घेतलं. वारा सुटला होता, पदर त्याच्यावर घातला. अंधेरीला उतरून स्टँड घेतला, परकरवाल्याचाच टेम्पो घाटकोपरला निघाला होता, त्यात चढलो. त्याला म्हटलं, "बघ रे, मशीन. उद्यापासून माझा गठ्ठा पण आण." तो म्हणाला, "आणतो बाई, आणतो."

पुन्हा घाटकोपर

दिवेलागण झाली होती. यांनी पिंप बाजूला केलं आणि स्टँड खिडकीखाली ठेवला. मी वर मशीन बसवलं, पट्टा ओढला, आणि हाक मारली, "सुमे, झेंडू आण गं!"

धाकटा कोपऱ्यात बसून होता. म्हणाला, "ताई नाही. ताई काकांबरोबर गावाला गेली. दुपारीच."

मी यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे.

"भावोजी एकादशीला जाणार होते ना?"

"दादाला आजचीच तिकिटं मिळाली," हे म्हणाले. "काल रात्री बोलला मला. मला काय ठाऊक तू खरंच आणशील? अगं, लोकांना रांगा लावून मिळत नाहीये."

दोन दिवस माझ्या मांडीला मांडी लावून फिरले, माझा ओरडा खाल्ला, टेबल ठोकलं, केळी खाल्ली, मशीन उचललं, आणि पोटात हे! फ्रॉक कशासाठी घातला होता ते तेव्हा कळलं. आणि होडीची घाई कसली होती तेही.

तुम्हाला वाटेल आता हिने भांडी फेकली असतील. मला ओरडताच आलं नाही. दोन दिवस घसा ताणून ओरडले होते ते मशीनसाठी. सुमीसाठी आवाजच उरला नव्हता. मी झेंडू स्वतः आणला, हळदकुंकू वाहिलं, आईने वाहिलं होतं त्याच जागी, आणि पिशवीत एक लुगडं कोंबलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी लोक आपट्याची पानं वाटत फिरत होते. मी एसटी स्टँडकडे निघाले. हे म्हणाले, "मी येतो." म्हटलं, "तुम्ही घरी बसा. परकरवाला आला तर गठ्ठा उतरवून घ्या. आणि कोणी मशीन विकत मागायला आलं तर सांगा, मालकीण गावाला गेल्येय."

मालवणकडे

रात्रभराच्या प्रवासाचं काय लिहायचं, एसटीचा प्रवास सगळ्यांना माहीत आहे. मशीन शोधायला चार गावं फिरावी लागली होती. पोरीचा पत्ता मला पाठ होता.

सकाळी सासरच्या पाणंदीने चढत गेले. सुमी गोठ्याशी उभी होती, तोच फ्रॉक, आणि त्याला शेण लागलेलं. मला बघून तिला धावायचं सुचेना. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, दप्तर कुठाय ते घे.

भावोजी पडवीत दात घासत होते, ते तसेच राहिले. सासूबाई काठी टेकत ओट्यावर आल्या. सुनेने एकटीने गावी यायचं, तेही सणाच्या दुसऱ्या दिवशी, हे त्या घरात आजवर झालं नव्हतं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. कान रिकामे होते तेही बघितलं.

"गो शालू," त्या म्हणाल्या, "तू कोणाक इचारून इलंस?"

सुमीच्या फ्रॉकचं शेण मी पदराने पुसत होते. पुसून झालं, तिच्या खांद्याला दप्तर अडकवलं, आणि मग बोलले.

"कोणाक नाय, आये. आमच्या घरात इचारूची रीत खंय आसा?"